सुईची येतानाची वाट

सोमवार, १४ नोव्हेंबर १९३८. अमरावती

दादा काल संध्याकाळी वरुडच्या मोटारीतून उतरले ते खोकतच. शेंदूरजनाघाटापासून इथवरच्या धुळीचा खोकला आहे असे त्यांचे म्हणणे. धूळ कालची, खोकला आषाढापासूनचा. सौ.ने दार उघडले, पायावर पाणी घातले आणि माझ्याकडे एकदा पाहिले. तेवढ्याने समजलो. सदरा खांद्यावरून लोंबतो आहे.

माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर संत्र्याचा बगीचा त्यांनी ओढला आणि मला शिकवले. मी शिकून साप्ताहिकाचा संपादक झालो. बगीचा अजून तेच ओढताहेत.

गावच्या वैद्याचा काढा झाला, वरुडच्या डॉक्टरच्या तीन बाटल्या झाल्या. आज इथल्या डॉक्टरांना दाखवले. क्षयाचा संशय. थुंकी तीन दिवस तपासायची. दादांना त्याहून मोठी काळजी: जंबेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमे करायचे दिवस आले आणि ते इथे बसून राहिले.

गुरुवार, १७ नोव्हें.

थुंकी तिन्ही दिवस साफ. क्षयाचे जंतू नाहीत. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर मात्र खूश दिसले नाहीत. म्हणाले, अकोल्याला डॉ. पाळंद्यांकडे क्ष-किरणांचे यंत्र आहे, छातीची काच काढून आणा.

अंक उद्याचा. चौथे पान दोन वेळा मोडले. फर्मा आवळून छपाईला द्यायला सात वाजले. दादा छापखान्यात येऊन बसले होते. आमच्या मुख्य जुळाऱ्याला, गुलाबरावला, टाइपाचे खिळे वेचताना पाहत राहिले. म्हणाले, "बाप्पा, हे तर उलटं लिहून राहिले." गुलाबराव म्हणाला, "दादा, सुलटं तुमचे भाऊ लिहितात, म्हणून आमाले उलटं लिहा लागते." दादा खूप हसले. मग तसेच खूप खोकले.

शनिवार, १९ नोव्हें. अकोला, परतीच्या गाडीत

बडनेऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने. दादांनी मांडीवर फडक्यात बांधलेले पंचांग घेतले होते. ते त्यांच्याबरोबर सगळीकडे असते.

डॉ. पाळंदे पन्नाशीचे, बोलायला सावकाश. काच खिडकीपुढे धरली. उजव्या बाजूला, वर, बरगडीच्या जवळ, एक गोल पांढुरका डाग. लिंबाएवढा. दादा बराच वेळ पाहत होते. "पानावर असा आला तर मी पान तोडून जाळतो," म्हणाले.

डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात: हा क्षयाचाच घट्ट झालेला गोळा असू शकतो, थुंकी साफ असली तरी. किंवा कर्करोग. काचेवरून सांगता येत नाही. क्षय असेल तर विश्रांती, छातीत हवा भरून फुफ्फुस निजवणे. दुसरे असेल तर मुंबईला खोल क्ष-किरणांचा उपचार, आणि तोही लवकर. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर वेळ जाईल. वेळ थोडा आहे. कळायचा मार्ग एकच: बरगड्यांमधून पोकळ सुई घालून त्या गोळ्यातला कण ओढून घ्यायचा, काचेवर पसरून मुंबईला पाठवायचा.

मला वाटले दादा दुखेल का म्हणून विचारतील. त्यांनी विचारले ते शब्दशः उतरवून ठेवतो.

"सुई जाताना चांगल्यातून जाते, मंग वाईटात जाते. जातानाचं नाई इचारत. येतानाचं इचारून राहिलो. येताना थे वाईटातून निघते अन् चांगल्यातून येते. तवा तिच्या आंगाले जे लागलं, थे कुठी राह्यते?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हे तुम्हाला कोणी सांगितले, असे विचारले. दादा म्हणाले, कोणी नाही. डिंक्या रोग लागलेल्या झाडाची साल तासली की चाकू दिव्यावर भाजतो, मगच दुसऱ्या झाडाला लावतो. तासायचे तेही नेहमी चांगल्याकडून वाईटाकडे, वाईटाकडून चांगल्याकडे नाही. इथे तर सुई आत असताना भाजता येणार नाही.

डॉ. म्हणाले, "सदाशिवराव, प्रश्न बरोबर आहे. मी शिकत असताना एक रोगी पाहिला होता. सुई जिथून घातली होती तिथेच कातडीखाली तीन महिन्यांनी वाटाण्याएवढी गाठ आली. आमचे एक गुरुजी म्हणाले सुईने पेरली. दुसरे म्हणाले रोग आतून तिथवर वाढतच आला असता. कोण खरे, ते मला आजही ठाऊक नाही. असे क्वचित होते एवढेच सांगतो."

दादा समाधानाने मान हलवत राहिले. घरी विचारून कळवतो, म्हणाले.

गाडी सुटल्यावर फडके सोडले. पंचांगाच्या मलपृष्ठाच्या आत खळीने चिकटवलेले एक कात्रण मला दाखवले. पिवळे पडलेले. टाइप आमचा. दर पाडव्याला जुन्या पंचांगावरून भिजवून काढतात आणि नव्यात चिकटवतात, असे चार वर्षे.

"डॉक्टर बी थेच म्हणे, तुह्या पेपरात बी थेच. सुई घ्याची नाई."

मी वाचले. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो.

सोमवार, २१ नोव्हें.

दादा काल गावी गेले.

आज फाइल काढली. चार वर्षांपूर्वीचा अंक, 'घरचा वैद्य', तिसरे पान, उजवा स्तंभ, तळाशी. नऊ ओळी:

"अंगात गाठ असता तीस सुई, चाकू अगर कोणतेही लोखंड लावू नये. लावल्यास गाठ चवताळते व तिचे बीज सर्वांगात पसरते. असे अनेक रोगी आमच्या पाहण्यात आहेत. — एक अनुभवी वैद्य."

अनुभवी वैद्य मी. एका नाटक मंडळीने गुरुवारी तिसऱ्या प्रहरी जाहिरात मागे घेतली, गुलाबराव दारात उभा राहिला, नऊ ओळींची जागा उरली. उभ्याउभ्याच लिहून दिले. कुठे ऐकले होते, आठवत नाही. अनेक रोगी माझ्या पाहण्यात नव्हते. एकही नव्हता.

गुलाबरावला आठवण आहे. अजूनही जागा उरली की तो आत डोकावून म्हणतो, अनुभवी वैद्य आज काय सांगून राहिले. आज फाइल माझ्यासमोर उघडी पाहिली तेव्हा आल्या पावली परत गेला.

डॉ. पाळंद्यांना लिहिले. सर्व लिहिले, कात्रणाची नक्कलही जोडली. विचारले: यात खरे किती?

बुधवार, २३ नोव्हें.

सौ.ला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग तुम्हीच लिहिले होते असे सांगून टाका, ते सुई घेतील." मी म्हणालो, तेवढे सोपे नाही. दादांची शंका त्या नऊ ओळींतून आलेली नाही, चाकूतून आलेली आहे. ओळी खोट्या, शंका खरी. ओळी काढून घेतल्या तर ते माझ्यासाठी सुई घेतील, भावाचे तोंड राखायला. आणि पुढे खरेच काही उगवले तर?

ती म्हणाली, "आणि सांगितले नाही तर?"

तर ते माझ्या नऊ ओळींवर विसंबून घरी बसतील. सूप खाली ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली.

शुक्रवार, २५ नोव्हें.

अंक निघाला. डॉ. पा. यांचे पत्र दुपारच्या टपालाने. महत्त्वाचा भाग उतरवतो:

"आपण लिहिलेत त्यात चूक ही की आपण 'पसरते' असे लिहिलेत. 'क्वचित पसरत असावे' असे लिहिले असते तर माझी तक्रार नव्हती. ती भीती खोटी नाही, आणि मोठीही नाही. नेमकी केवढी, ते मी सांगू शकत नाही. जे सांगू शकतो असे म्हणतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या बाजूला गोळा आहे, तो वाट पाहत नाही. सुई घेतली तर थोडा धोका, घेतली नाही तर अंधारात उपचार. वजन रोग्याने करायचे. आपले बंधू ते करू शकतात असे मला वाटते, मात्र दोन्ही पारडी त्यांच्यासमोर ठेवली पाहिजेत."

पुढे सुईविषयी: बाहेरून एक नळी गोळ्याच्या कडेपर्यंत नेऊन तिच्यातून बारीक सुई आतबाहेर करता येते. मग येताना सुई नळीत येते, मांसाला लागत नाही. पण नळी जाड, छिद्र मोठे, फुफ्फुसातून हवा सुटण्याची भीती अधिक. "एक टाळायला गेलो की दुसरे पुढे येते."

'पसरते' आणि 'क्वचित पसरत असावे'. दोन शब्द जास्त. नऊच्या दहा ओळी झाल्या असत्या, फर्म्यात बसले नसते.

रविवार, २७ नोव्हें. शेंदूरजनाघाट

सकाळच्या मोटारीने आलो. वहिनींनी ताटात झुणका-भाकर वाढली आणि मी विषय काढण्याआधीच म्हणाल्या, "भाऊजी, सुईचं नका काढू. तुमच्याच पेपरात हाय."

शेजारच्या पार्वताबाई ओसरीवर येऊन बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ होती, दवाखान्यात कापायला सांगितले होते. दादांनी त्यांना ते कात्रण वाचून दाखवले. त्यांनी कापू दिली नाही. आज साठीच्या, पाटीभर शेण थापून आलेल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या वैद्याले माहा नमस्कार सांगजा बावा. त्याच्या पायीच जित्ती हावो." गाठ तेवढीच आहे म्हणाल्या, लिंबोळीएवढी, दुखत नाही.

पार्वताबाईंची गाठ काय होती कोणास ठाऊक. माझ्या ओळींनी त्यांना वाचवले की त्यांच्या गाठीने माझ्या ओळींना वाचवले, हे कोण सांगणार. आणि त्या आपल्या जिवंत असण्याचे श्रेय त्या वैद्याला देऊन माझ्यासमोर बसलेल्या.

दुपारी रोपांच्या वाफ्यांकडे गेलो. दादा बसकण मारून, शेजारी पेटता दिवा ठेवून, डोळे बांधत होते. जंबेरीच्या खुंटाला चीर, त्यात संत्र्याचा डोळा, वरून केळीच्या सोपटाची पट्टी. मला पट्ट्या द्यायला लावले. मधूनमधून खोकला येई तेव्हा चाकू बाजूला धरत. डॉक्टरांचे पत्र पहिल्याने वाचून दाखवले, सगळे, हवा सुटण्याच्या भीतीसकट. त्यांनी दोन जागा पुन्हा वाचायला लावल्या.

मग सांगितले. कात्रण मी लिहिले. वैद्य कोणी नव्हता.

चीर पाडायला घेतलेला चाकू तसाच राहिला. विचारले,

"किती येळ लागला लिवाले?"

"दहा मिनिटं."

"काहून लिवलं?"

"जागा उरली होती, दादा."

त्यांनी तो खुंट पूर्ण केला. पट्टी बांधली. दुसरा घेतला, तोही पूर्ण केला. तिसऱ्याला म्हणाले, "त्यातलं काई खरं व्हतं का?"

"डॉक्टर म्हणतात, थोडं. क्वचित."

"म्हणजे मालूम नसताना खरं लिवलं, अन् थे बी जास्तीचं लिवलं." चाकू दिव्यावर धरला, नेहमीसारखा, एक-दोन-तीन मोजून. "पार्वताबाईले नको सांगू. तिले त्यावर झोप लागते."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत बोलणे फक्त कलमांच्या डोळ्यांचे. माझ्याकडून सात खुंट बांधून घेतले. पट्टी खालून वर बांध, पाणी आत जात नाही. एकवीस दिवसांनी सोडायचे.

सोमवार, २८ नोव्हें.

सकाळी मोटारीपाशी सोडायला आले. चालताना दोनदा थांबले. मोटारचालकाने भोंगा वाजवला तेव्हा म्हणाले, सुई घेतो. पण तू म्हणतो म्हणून नाही. पत्र ऐकून घेतो आहे. आणि नळी नको, बारीक सुई एकटी. "मोठं भोक कायले करता. हवा जाईन."

मी काही म्हणायच्या आत: "अन् नारायण, तू आता लिवशीन त्याले आपलं नाव टाक."

गुरुवार, १ डिसेंबर. अमरावती

अंकाची घाई. 'घरचा वैद्य'साठी नवा मजकूर लिहायला बसलो. चार वेळा फाडला. शेवटी तिथे सर्दीवर आल्याचा रस घातला. तो तरी खरा आहे.

सोमवार, ५ डिसें. अकोला

झाले.

दादांनी सुई हातात मागितली. डॉ. नी नाही म्हटले, पण चिमट्यात धरून खिडकीशी दाखवली. वीतभर, शिवायच्या सुईएवढी जाड, पोकळ. "भाजली का?" "उकळली, सदाशिवराव. वीस मिनिटे." "भाजाले पायजे व्हती." डॉ. नी हसून स्पिरिटच्या ज्योतीवर एकदा फिरवली, गार होऊ दिली. माझ्या मते गरज नव्हती, पण दादांसाठी तेवढी गोष्ट केली.

मला खोलीत राहू दिले. दादा खुर्चीवर उलटे बसलेले, पाठीच्या टेकावर हात. वरच्या दोन बरगड्यांमधली जागा डॉ. नी बोटाने दोनदा मोजली. कातडी बधिर केली. श्वास धरा. मग एक क्षण काहीच नाही. मग पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला. काचेच्या नळीत गुलाबीसर काहीतरी थेंबभर. डॉ. नी दट्ट्या तिथेच सोडला, ओढ पूर्ण थांबू दिली, मग सुई सरळ बाहेर. मागाहून मला सांगितले: ओढ चालू ठेवून सुई काढली तर सुईतला कण वाटेत मागे राहायची शक्यता जास्त. "तुमच्या भावाने विचारले त्या दिवसापासून मी हे जास्त जपून करतो."

रात्र दवाखान्यात. हवा सुटली का ते पाहायला. अजून तरी सुटलेली नाही. दादा म्हणाले, दाताची कळ येते तशी आली, एकदाच.

काचेच्या चार पट्ट्या लाकडी डबीत घालून मुंबईच्या टपालात.

मंगळवार, ६ डिसें.

अमरावतीला परत. दादा दोन दिवस इथे, मग गावी. वहिनींना सांगून ठेवणार आहेत की रोज अंघोळीच्या वेळी त्या जागेवर अंगठा फिरवायचा. तीन महिने.

शुक्रवार, ९ डिसें.

टपाल नाही.

मंगळवार, १३ डिसें.

टपाल नाही. गुलाबरावने विचारले. माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच दादांना 'तुमचे भाऊ' न म्हणता 'दादा' म्हणाला.

गुरुवार, १५ डिसें.

डॉ. पा. यांचे पत्र, आत मुंबईच्या अहवालाची नक्कल. काचांवर बहुतेक रक्त. ज्या थोड्या पेशी आहेत त्या मत देण्याइतक्या नाहीत. क्षय नाही असे म्हणता येत नाही, कर्करोग नाही असेही म्हणता येत नाही. शक्य तर पुन्हा नमुना पाठवावा.

डॉ. नी खाली लिहिले आहे: "मला वाईट वाटते. असे होते. दुसऱ्यांदा घ्यायची का, हा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल."

तिसऱ्यांदा वाचले. पहिल्यांदा राग आला, कोणाचा ते कळले नाही. आता एवढेच दिसते की धोका घेतला, आणि त्याच्या बदल्यात काही मिळाले नाही. रविवारी गावी जायला हवे. टपालाने हे पाठवायचे नाही.

रविवार, १८ डिसें. शेंदूरजनाघाट

दादा आणखी उतरले आहेत. आवाज बसका. वाफ्यांत होते. आज एकवीस दिवस झाले, पट्ट्या सोडायचा दिवस. मी बसलो आणि पत्र वाचले. त्यांनी हात थांबवला नाही. पट्टी उलगडायची, डोळा पाहायचा, हिरवा असेल तर वरचा शेंडा मोडायचा, काळा असेल तर खुंट बाजूला.

माझे सात: पाच हिरवे, एक काळा. एकाचे काही कळेना. दादांनी नखाने खरवडून पाहिले, मग पट्टी पुन्हा बांधली. आणखी आठ दिवस ठेवू म्हणाले.

वहिनी पाणी घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विचारले, आता काय? मुंबईवाल्यांना चार-चार काचा पाठवल्या आणि त्यांना दिसले नाही? बोलताना रडल्या नाहीत. मडके ठेवून निघून गेल्या आणि लांबवर जाऊन उभ्या राहिल्या.

दादा पुढची पट्टी उलगडत म्हणाले, "डॉक्टरले एक गोठ इचार. दुसऱ्यांदा घालशीन तर त्याच भोकातून घाल म्हणा. एक वाट झाली हाय. तिच्यात काई सांडलं असंन तर सांडलं. दुसरी वाट काहून कराची?"

हे मला सुचले नव्हते. डॉक्टरांनाही सुचले होते की नाही माहीत नाही.

"म्हणजे पुन्हा घेणार?"

"मंग काय करू, इथीसा बसून काय झालं थे ओळखत राहू? पण एकच वाट. थे लिव त्याले."

पाठीवरची जागा दाखवली. उजवीकडे, वर. तिळाएवढा डाग, बरा झालेला. मी हात लावला नाही.

सोमवार, १९ डिसें. अमरावती

डॉ. ना दादांचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवले. सोमवार, २६ ता. ठरवावी असे सुचवले.

बुधवार, २१ डिसें.

नाताळाच्या आधीचा अंक, जाहिराती भरपूर. 'घरचा वैद्य'ला नेमक्या नऊ ओळी उरतात असे गुलाबरावने कळवले. म्हटले, या वेळी वैद्य नाही, मी.

रात्रीच्या जेवणापर्यंत बसलो. अकरा ओळी झाल्या. गुलाबरावने हातावर मोजून सांगितले, दोन जास्त. कोणत्या काढू? 'मला माहीत नाही' ही एक, आणि 'डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत' ही दुसरी. सोप्यात सोप्या काढण्यासारख्या याच. काढल्या तर पुन्हा चार वर्षांपूर्वीचेच होईल, फक्त उलट बाजूचे.

केसांच्या तेलाची जाहिरात पुढच्या अंकाला ढकलली. साप्ताहिकाचे मालक काय म्हणतील ते उद्या.

गुरुवार, २२ डिसें.

मालक म्हणाले ते म्हणाले. फर्मा आवळला. छापायला गेलेला मजकूर इथे ठेवतो:

"चार वर्षांपूर्वी या जागी गाठीस सुई लावू नये असा मजकूर आला होता. तो कोणा वैद्याचा नव्हता. मी लिहिला होता, आणि मला त्यातले काही माहीत नव्हते. छातीतल्या गाठीत तपासणीसाठी सुई घातली असता रोग सुईच्या वाटेने पसरण्याची भीती थोडी असते, असे डॉक्टर सांगतात. किती थोडी, ते डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. मला माहीत नाही. सुई न घेता रोग ओळखता आला नाही तर उपचारही नीट होत नाहीत. ज्याची गाठ त्याने डॉक्टरला दोन्ही गोष्टी विचाराव्यात. सुई जातानाची विचारावी, आणि येतानाचीही. — नारायण रामजी, संपादक."

गुलाबरावने नाव जुळवताना दोनदा वाचले. नेहमीची टिंगल नाही. एवढेच म्हणाला, "हे कोणी कापून ठेवनार नाई, साहेब." मी म्हणालो, तसेच असावे.

शुक्रवार, २३ डिसें.

डॉ. पा. यांचे कार्ड. "आपल्या बंधूंचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. कातडीवरची जागा तीच धरता येईल. आतली दिशा तीच सापडेल याची खात्री नाही, श्वासाबरोबर फुफ्फुस हलते. प्रयत्न करीन. सोमवारी सकाळी या."

रविवार, २५ डिसें.

दादा वहिनींना घेऊन दुपारच्या मोटारीने आले. वहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला. सौ.ने आणि त्यांनी मिळून शेवया केल्या. दादांनी दोन घास खाल्ले.

शुक्रवारचा अंक त्यांच्यासमोर ठेवला. चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचला. येतानाच्या ओळीपाशी थांबले. "हे माहं हाय." मी हो म्हणालो. "मंग माहं नाव काहून नाई?" सौ. हसली, वहिनी हसल्या. दादाही हसले, जपून, खोकला न येईल इतके.

मग कात्री मागितली. नऊ नव्हे, अकरा ओळी कापून घेतल्या. सौ.कडून खळ मागवली. मला वाटले जुने कात्रण भिजवून काढतील. काढले नाही. त्याच्या शेजारी नवे चिकटवले, पान उन्हात धरून वाळवले, पंचांग फडक्यात बांधले.

वहिनींना म्हटले, त्या जागेवर आज हात फिरवला का. फिरवला. काही लागले का? त्या म्हणाल्या, एवढेसे काहीतरी असल्यासारखे वाटते, पण डाग बरा होतानाही असे होते ना. दादा ऐकत होते. "उद्या डॉक्टरले दाखोतो. त्याच जागेवर त्याचं बोट जाईनच."

उद्या बडनेऱ्याची सकाळची पॅसेंजर. पहाटे उठायचे आहे. निजण्याआधी विचारले, दोन्ही कात्रणे कशाला ठेवली.

"पाडव्याले नवं पंचांग येईन," दादा म्हणाले. "तवा पाहू कोन्तं न्याचं थे."